दवबिंदूला आग्रह करू नये

तुमच्या घरी नुकतंच एक कीटकभक्षी झाड आलं आहे. पुण्याच्या हौशी भाचीनं पाठवलं असेल, नाहीतर रात्री अकरा वाजता मोबाइलवर बोट पडून तुम्हीच मागवलं असेल. फोटोत त्याच्या पानापानावर लाल केस होते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकचकीत थेंब होता. खोक्यातून मात्र ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळलेली, परवाच्या मेथीच्या जुडीसारखी एक वस्तू निघाली. थेंब नाहीत, लाली नाही, अर्धी पानं काळी. अशा वेळी नवशिक्यानं काय करावं हे सांगण्यासाठी हा प्रपंच. मी दोन झाडं मारून तिसरं जगवलं आहे. या विषयात जळगावात तरी मला अनुभवी म्हणायला हरकत नसावी.

आधी ओळख. शास्त्रीय नाव ड्रोसेरा, इंग्रजीत सनड्यू, मराठीत दवबिंदू. जगात याच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. हे परदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर पावसाळ्यात साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कास पठारावर जा आणि वाकून बघा. वाकूनच, कारण उभ्यानं दिसत नाही. जांभ्यावरच्या पातळ, ओल्या मातीत तिथे दोन जाती उगवतात. रुपयाएवढी चकती जमिनीला चिकटून बसावी तसा ड्रोसेरा बर्मानी, आणि गवताच्या काडीसारखा उभा वाढणारा ड्रोसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू. फुलांच्या गालिच्याचे फोटो काढायला आलेली मंडळी या दोघांवर पाय देऊन उभी असतात. शेजारीच निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ फुललेली असतात. नाव इतकं करुण, पण तीही कीटकभक्षीच. मातीच्या ओलाव्यात बारीक पिशव्या पसरून ती सूक्ष्म जीव आत ओढतात. हे बारसं करणाऱ्यानं माती उकरून पाहिली नसावी.

तिथून दवबिंदू उपटून मात्र आणू नका. ते राखीव जंगल आहे हा एक भाग. दुसरा असा, की कासच्या या जाती एका पावसाळ्याच्या धनी. बी टाकलं की त्यांचं आयुष्य संपलं. तुम्ही दिवाळीत ‘झाडाला स्ट्रेस आला’ म्हणून धावपळ कराल, आणि ते बिचारं वयोमानानं गेलेलं असेल. विकत मिळतो तो बहुधा ड्रोसेरा कॅपेन्सिस, दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा. नर्सरीत वाढवलेला, वर्षानुवर्षं टिकणारा, आणि या खानदानात सगळ्यांत सोशिक. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

माझ्याकडे तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात आला. जळगावात कुणीही पहिल्यांदा येण्याचा हा काळ नव्हे. लेकी माहेरी येतात त्या सवयीच्या असतात. बाहेर पारा ४४ वर, गच्चीत पापड, स्वयंपाकघरात पुरण. आई धुळे जिल्ह्यातली, शिरपूरकडची. घरात अजून अहिराणीच बोलते. तिनं खोक्यात डोकावून पहिला प्रश्न विचारला, “याले खावाले काय देस?”

खान्देशात दारात आलेल्याबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो. या झाडाचे सगळे अपघातही इथूनच सुरू होतात.

पायरी पहिली: काही करू नका

ऐकायला सोपं आहे. करून बघा.

आल्या दिवशी कुंडी बदलावीशी वाटते. काळी पानं कापावीशी वाटतात. पाण्याचा फवारा मारावासा वाटतो. चारच्या चहाच्या वेळेला तर एखादी माशी मारून त्याच्या पानावर ठेवावी, म्हणजे तरतरी येईल, असं अगदी आतून वाटतं. यातलं एकही करू नका. प्रवासातून आलेल्या झाडाला हात लावायचा नसतो, हे आपल्याला पटत नाही, कारण प्रवासातून आलेल्या माणसाला आपण हात धुवायच्या आत ताटावर बसवतो.

पानावरचा थेंब हा दव नसतो. प्रत्येक केसाच्या टोकाला एक ग्रंथी असते, ती हा चिकट रस पाझरते. बराचसा पाणी, आणि त्यात साखरेच्या जातीच्या लांबलचक साखळ्या. बोटानं ओढला तर गुळाच्या पाकासारखा तार धरतो. दोन-तीन दिवस अंधारात आदळआपट सोसून कोरड्या हवेत उघडलेलं झाड पहिली काटकसर या रसातच करतं. जुन्या पानांवर तो परत येईलच असं नाही. नव्या पानावर येतो, आणि नवं पान धड उघडायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस मधल्या कोंबाकडे बघत बसायचं. कोंब हिरवा आहे ना? मग बाहेरची पानं काळी पडोत की पिवळी, तुमचं काही अडलेलं नाही.

रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टिश्यू कल्चरचं ग्रँड नैनचं रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून थेट शेतात लावलं तर दुपारपर्यंत मान टाकतं, हे त्याला पाठ असतं. बाटलीत हवा दमट, त्यामुळे पान लाडावलेलं, त्यावरचा मेणाचा थर पातळ. म्हणून त्याला आधी दमट हरितगृहात, मग शेडनेटखाली, आणि मग उघड्यावर असं टप्प्याटप्प्यानं आणतात. याला ‘हार्डनिंग’ म्हणतात, आणि जळगाव जिल्ह्यात हा शब्द शाळा न शिकलेल्यालाही येतो. बागेत लावल्यावरसुद्धा वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट ओळ असते, उन्हाळी झळ अडवायला. हजारो रोपांचं हार्डनिंग करणाऱ्या या जिल्ह्यात मी माझं पहिलं झाड कौतुकानं सरळ गच्चीत नेऊन ठेवलं. फोटोत ऊन होतं म्हणून. संध्याकाळी ते शेजारी वाळत घातलेल्या पापडांच्या बरोबरीनं मोडत होतं.

तेव्हा तुम्ही असं करा. दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, वरचा भाग झाडावर टोपीसारखा बसवा. चार दिवसांनी बाटलीचं झाकण काढा. आठवड्यानं बाटली तासभर उचला, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं करत दोन-तीन आठवड्यांत ती काढूनच टाका. एवढे दिवस झाड भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर. बाटलीखालचं झाड उन्हात ठेवलंत तर ते जगणार नाही, शिजेल.

पायरी दुसरी: पाणी

दुसरं झाड मी पाण्यानं मारलं. ते कमी पडलं म्हणून नव्हे. रोज, प्रेमानं, बोअरचं घातलं म्हणून.

तुमच्या कूलरच्या जाळ्या बघा. मार्चअखेर नवं गवत भरलं, जून उजाडेपर्यंत त्यावर पांढरी खरपुडी बसते. नखानं ओरखडली तर चुन्यासारखी भुकटी निघते. नळाच्या तोटीभोवतीची पांढरी कड, गिझरच्या कॉइलवरचा थर, स्टीलच्या पिंपातली रेघ, सगळं एकाच घराण्यातलं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरमध्ये ते जाळीवर राहतात, कुंडीत मुळाशी. आपण हे पाणी पिऊन साठी गाठतो, केळी त्यावर घड टाकते, पण दवबिंदूची मुळं पिढ्यान्‌पिढ्या फक्त पावसाचं, जवळपास कोरं पाणी ओळखतात. त्यांना आपलं बोअरचं पाणी म्हणजे रोजचा खारा काढा. पहिले पंधरा दिवस काही दिसत नाही, उलट झाड खुशीत वाटतं. मग थेंब आटतात, नवी पानं आखूड येतात, आणि एके दिवशी मधला कोंबच तपकिरी होतो.

काही शे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, तो घ्या. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा तो सांगतो. दवबिंदूसाठी आकडा पन्नासच्या खाली हवा. आमच्या बोअरच्या पाण्यात तो बुडवला, तर आठशेच्या पुढे गेला. मी मीटर बदलून आणला. तोही आठशेच म्हणाला.

मग कुठलं पाणी? सगळ्यांत चांगलं पावसाचं. जळगावात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर गच्चीवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे एका खाटेपुरत्या जागेवरचं पाणी धरलं तरी हजारेक लिटर हाताशी येतं. एका कुंडीला सात जन्म पुरेल. पहिल्या एक-दोन सरींना गच्ची धुऊ द्या, नंतरचं भरा, कॅन झाकून अंधारात ठेवा. आपण ते दरवर्षी पन्हाळीतून गटारीत सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरच्या नावानं ओरडतो, ते वेगळं.

आखाजीला मृग दूर असतो, तेव्हा इन्व्हर्टरकडे वळा. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतोच. तेच पाणी झाडाला चालतं. दुकानात ‘बॅटरीत वरून घालायचं पाणी’ असं स्पष्ट मागा आणि लेबल वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं अॅसिडही असतं, आणि त्यानंतर कुठल्याच मार्गदर्शिकेचा उपयोग नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही कामाचं. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं ते पाणी, जवळपास डिस्टिल्डच. फक्त मोसमाची पहिली धूळ वाहून जाऊ द्या. आरओच्या भरवशावर न मोजता राहू नका. पाणी बेचव लागतं अशी तक्रार आपणच करतो, म्हणून बसवणारा त्यात क्षार परत मिसळायचा स्क्रू ढिला करून जातो. ‘मिनरल वॉटर’च्या नावातच मिनरल आहे. उकळून उपयोग नाही. थोडा चुना तळाशी बसेल, बाकीचे क्षार आहेत तिथेच.

पाणी वरून घालायचं नाही. वरून घातलं की पानांवरचा रस धुऊन जातो. कुंडी एका खोलगट ताटलीत ठेवा, ताटलीत बोटभर पाणी. दर तीन-चार दिवसांनी ताटली कोरडी करून, पुसून पुन्हा भरा. डासांच्या बंदोबस्तासाठी आणलेल्या झाडाखालीच डासांचा पाळणा हलायला नको.

पायरी दुसरी, पुन्हा: पाणी

ही पायरी दोनदा आहे, कारण घरात तुम्ही एकटे राहत नाही.

आई रोज तुळशीला पाणी घालते. तांब्यात चार घोट उरतात. ते खिडकीतल्या रोपाला घालणं यात वावगं काय? मी टीडीएस समजावला. तिनं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी फुलपात्रानं घातलं, म्हणजे कमी. शेवटी मी कुंडीवर चिठ्ठी लावली: ‘याचा उपवास आहे.’ ही मात्रा लागू पडली. आमच्या घरात कुणाचा उपवास कुणी मोडत नाही. फक्त संध्याकाळी तिनं दारातून विचारलं, “साबुदाणा चाली का?”

पायरी तिसरी: माती

तापीकाठच्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते. आपली काळी, कसदार, चुनखडीची माती, जिच्यावर कापूस आणि केळी उभी राहिली, जिचं नुसतं ढेकूळ हातात घेऊन म्हातारे शेतकरी हसतात, ती या झाडाला विष आहे. शेणखत विष, गांडूळखत विष, निंबोळी पेंड विष. नर्सरीवाला कुंडी भरताना ‘थोडं शेणखत टाकतो’ म्हणेल. तो वाईट माणूस नाही. त्याचा हात धरा.

मिश्रण असं: अर्धं पीट मॉस, अर्धं परलाइट, परलाइट म्हणजे साबुदाण्यासारखे दिसणारे पांढरे हलके दाणे. ते आईच्या नजरेस पडू देऊ नका. नुसतं स्फॅग्नम शेवाळही चालतं. कोकोपीट आपल्याकडे सहज मिळतं, कारण रोपवाटिकांचे ट्रे त्यानंच भरतात. पण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. वापरायचंच असेल तर पावसाच्या पाण्यात चार-पाच वेळा भिजवून पिळा आणि शेवटच्या पाण्यात मीटर बुडवा. कुंडी प्लास्टिकची. मातीची कुंडी दिसते छान, पण तिच्या अंगातले क्षार झिरपतात. सिमेंटची तर बोलायलाच नको.

कारण सोपं आहे. हे झाड नापीक जागेचं. जिथे जमिनीत नत्र नाही, स्फुरद नाही, तिथे बाकीची झाडं येत नाहीत, आणि यानं ती गैरसोय मान्य करून पानांनी शिकारीचा धंदा काढला. मुळांकडे काम उरलं ते पाणी ओढणं आणि झाड धरून ठेवणं एवढंच. अशा मुळांना तुम्ही १९:१९:१९ खत दिलंत तर त्यांची अवस्था आमच्याकडच्या लग्नात पंगतीला बसलेल्या पुणेकर व्याह्यासारखी होते. ताटावर हात आडवा धरला तरी वरून वाढतातच. हा ‘एकोणीस एकोणीस एकोणीस’चा सल्ला मला शेजारच्या केळीवाल्या अण्णांनी दिला होता. ‘चिमूटभर ठिबकातून सोडा,’ म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, एक कुंडी आहे. ते म्हणाले, मग अर्धी चिमूट.

जेवणाबद्दल

आता आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. किडा हे या झाडाचं जेवण नाही. जेवण ते इतर झाडांसारखंच उन्हात उभं राहून करतं. किडा म्हणजे त्याचा युरिया.

शिकार कशी होते ते एकदा बघण्यासारखं आहे. चिलटाला थेंब मधासारखा दिसतो, ते बसतं आणि पाय अडकतात. सुटायला धडपडावं तसे आणखी थेंब अंगाला लागतात आणि श्वासाची छिद्रं बुजून ते गुदमरतं. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे झुकतात. कॅपेन्सिसचं लांबट पान मग काही तासांत किड्याभोवती दुमडतं, चपातीत भाजी धरावी तसं. कासवरचा बर्मानी याहून चपळ. त्याच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. मग पाचक रस सुटतात, कामाचं ते शोषलं जातं, आणि आठवड्यानं पान उघडतं तेव्हा आत फक्त टरफल.

याला काय आवडतं आणि काय नाही, ही चौकशी आपल्या आधी चार्ल्स डार्विननं करून ठेवली आहे. १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या माळावर त्याला दवबिंदूच्या पानांवर अडकलेले किडे दिसले, आणि ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ नुकतंच गाजत असलेला तो गृहस्थ या चिकट रोपाच्या नादी लागला. त्याची बायको एमा हिनं एका पत्रात थट्टा केली आहे की हे झाड प्राणीच आहे असं सिद्ध करायचा यांचा विचार दिसतो. पंधरा वर्षांनी, १८७५ मध्ये, त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. त्यात त्यानं पानांवर काय काय ठेवून पाहिलं, त्याची यादी एखाद्या खान्देशी यजमानाला शोभेल: दूध, मांस, अंड्यातला पांढरा बलक, चीज. नत्र असलेल्या पदार्थांना पानं वळली. साखरेचं पाणी, स्टार्च, ऑलिव्ह तेल यांच्याकडे झाडानं ढुंकून पाहिलं नाही. आणि त्यानं चहासुद्धा देऊन पाहिला होता. झाडानं घेतला नाही. तेव्हा ‘निदान घोटभर चहा तरी’ हा आग्रह दीडशे वर्षांपूर्वी करून झालेला आहे, पुन्हा करू नये. पुढे त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७८ मध्ये दाखवून दिलं की किडे मिळालेली झाडं उपाशी झाडांपेक्षा जास्त बी धरतात. उपाशी झाडंही जगलीच होती, हे मी आईला वाचून दाखवलं.

थकलेल्या झाडाला मुळीच भरवू नका. घास पचवायला जी ताकद लागते तीच त्याच्याकडे नसते. आजाऱ्याला लंघन हे आपल्याकडे ठाऊक आहे, तेच इथे. थेंब परतल्यावर, आणि घरात चिलटं नसतीलच तर, माशांच्या खाद्याची पूड पाण्यात भिजवून मोहरीएवढी, दोन आठवड्यांतून एकदा, एखाद-दुसऱ्या पानावर. मोठा घास दिलात तर पान पचवण्याऐवजी सडतं. चिवडा, शेव, भरताचं बोट, यांचे प्रयोग आमच्याकडे पाहुण्यांनी केले आहेत. ज्या पानावर शेवभाजीची तर्री ठेवली होती ते पान तेलानं माखून चार दिवसांत काळं पडलं. करणारे मेहुणे म्हणाले, “मिरची सोसली नाही.”

आणि डासांबद्दल. विकणाऱ्यानं मला ‘घरातले डास संपतील’ असं सांगितलं होतं. पानांवर डास सापडतात, खोटं नाही. पण संध्याकाळी कूलरमागून जी फौज निघते तिच्यापुढे एक दवबिंदू म्हणजे दर्यामें खसखस. कूलरची टाकी आठवड्याला कोरडी करा, त्यानं जास्त डास मरतील.

उन्हाळा, पावसाळा, धुळे

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली जातो. कपडे दोरीवर टाकताच वाळतात, थेंबही तसेच. फेब्रुवारी संपला की झाड आत घ्या. पूर्वेची खिडकी उत्तम: सकाळचं नऊपर्यंतचं ऊन मिळतं आणि दुपारची झळ लागत नाही. तशी खिडकी नसेल तर पांढरा एलईडी फूटभर अंतरावर, रोज बारा ते चौदा तास. कूलर असलेली खोली त्याला मानवते, कारण तिथली हवा दमट; पण कूलरच्या तोंडासमोर नको. स्वयंपाकघरात कधीच नको. मिरचीच्या फोडणीत माणूस खोकून मोकळा होतो, झाडाच्या प्रत्येक थेंबावर तेलाची साय बसते.

मृगाचे ढग आले की हळूहळू बाहेर. पावसाळा हा याचा खरा मोसम. कानबाईच्या रोटांच्या दिवसांत माझं झाड असं चमकत होतं की शेजारच्या मुलांनी त्याला हात लावायला रांग धरली. हात लावू देऊ नका. बोटानं डिवचलं की केस उगाच वळतात, आणि त्या कवायतीत झाडाची शक्ती जाते. पोळ्याच्या सुमारास मधून एक आकडेबाज दांडी वर येते, तिच्यावर गुलाबी फुलं येतात, रोज सकाळी एक-दोन उघडणारी. झाड तगडं असेल तर राहू द्या, धुळीसारखं बारीक बी मिळेल. नुकतंच सावरत असेल तर दांडी कापा. वाईट वाटतं, पण कापा.

थंडीची फार काळजी नको. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि कॅपेन्सिस तो सोसतो, वाढ मंदावते एवढंच. हे मी धुळ्याच्या जिभाऊंच्या जोरावर सांगतो. जिभाऊ माझे मावसभाऊ, देवपुरात राहतात. दवबिंदूचं एक धडधाकट पान मुळापासून काढून डिस्टिल्ड पाण्यात तरंगत ठेवलं की महिना-दीड महिन्यात त्यावर इवली रोपं फुटतात. त्यातलं एक मी त्यांना दिलं, सोबत चार पानी सूचना. जिभाऊंनी सूचना घडी करून टेबलाच्या पायाखाली घातल्या आणि रोप पूर्वेच्या बाल्कनीत, एसीची नळी जिथे ठिबकते त्या ताटलीत ठेवलं. त्यानंतर ते त्याला विसरले. उन्हाळ्यात एसी सर्वांत जास्त चालतो, म्हणजे गरज असते तेव्हाच ताटली भरलेली. सकाळचं ऊन, कोरं पाणी, खत नाही, घास नाही, चौकशी नाही. वर्षभरानं मी गेलो तर ते माझ्या झाडाच्या दुप्पट होतं, लालबुंद, पानापानावर चिलटं. “हाई चिकट झाड तुनंच शे ना?” एवढंच ते म्हणाले, आणि मला जेवायला बसवलं. मला सोडलं नाही, झाडाला सोडलं होतं.

मेलं आहे का?

बहुतेक नाही. बाहेरची जुनी पानं काळी पडणं हा रिवाजच आहे. खालचं जातं, वरचं येतं. मधला कोंब हिरवा असला तर वाट बघा. कोंबही गेला असेल तरी कुंडी फेकू नका. कॅपेन्सिसची मुळं जाड असतात, वरचा भाग पूर्ण जळाला तरी कित्येकदा महिन्या-दोन महिन्यांनी मुळातून नवं रोप वर येतं. ताटलीत पाणी ठेवत राहा. माझं तिसरं झाड खरं तर दुसऱ्याचंच मूळ आहे. मी बोअरचं पाणी बंद केलं, कुंडीतली खारट भर पावसाच्या पाण्यानं धुऊन काढली, नवं मिश्रण भरलं आणि चिठ्ठी तशीच ठेवून दिली. ऐन श्रावणात काळ्या बुंध्याशेजारी तांदळाएवढं हिरवं काही दिसलं. आईनंच आधी पाहिलं. मला हाक मारली आणि मी येईपर्यंत हात पाठीमागे धरून उभी राहिली.

यंदाच्या मृगाचं पाणी मी वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये भरून ठेवलं आहे, एका कुंडीला ते जास्तच आहे. जळगावात असाल आणि तुमचं झाड सुकत असेल तर रिकामी बाटली घेऊन या. जेवूनच जावं लागेल, त्याला इलाज नाही. झाडासाठी मात्र काही आणू नका.